शिस्त नेमकी कशाला लावायची?

प्रश्न असा आलाय: नोकरीत असताना रात्री उरलेल्या तास-दीड तासात कथा लिहून व्हायच्या. लिहायला पुरेसा वेळ मिळावा म्हणून नोकरी सोडली. आता अख्खा दिवस हाताशी आहे आणि लिखाण मात्र जवळजवळ थांबलंय. पहाटे पाचला उठायचं, रोज दोन हजार शब्द, दुपारपर्यंत फोन बंद, असं कडक वेळापत्रक अनेकदा लावून पाहिलं. दर वेळी आठवड्याभरात ये रे माझ्या मागल्या. पाळताना जीव गुदमरतो, मोडलं की अपराधी वाटतं. मुळात शिस्त आणि सर्जनशीलता एकत्र नांदतात का? की आपलं स्वातंत्र्य आपणच आपल्या हाताने घालवतोय? खरे कलावंत बेशिस्तच असतात ना? आणि शेवटी एक पुरवणी: परत नोकरी धरावी का?

लिहिणं आणि इतरांचं लिखाण संपादित करणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. हाच प्रश्न मला चित्रकारांनी, अनुवादकांनी, संगीत देणाऱ्यांनी आणि निवृत्तीनंतर कवितेकडे वळलेल्यांनीही विचारलाय. इतक्या वेगवेगळ्या माणसांचं घोडं एकाच जागी अडत असेल, तर कारण त्यांच्या आळसात नसावं. माझं उत्तर थोडक्यात असं: शिस्त लागते, पण ती कामाच्या सुरुवातीला आणि शेवटाला. मधल्या वेळात काय घडावं, किती घडावं, बरं घडावं की वाईट, यात तिने नाक खुपसू नये. तुमच्या वेळापत्रकाने नेमकी उलटी वाटणी केली आहे.

आधी नोकरीच्या दिवसांत लिखाण का होत होतं ते बघू. तेव्हा रात्रीचा तो तास सोडून दुसरा तास नव्हता. त्यामुळे ‘आत्ता लिहू की नंतर’ हा सवालच उभा राहत नव्हता. नंतर म्हणजे झोप. आता सकाळी नऊला तुम्ही स्वतःला विचारता, आत्ता बसू का? अजून ताजंतवानं वाटत नाही, अकराला बसू. अकराला पुन्हा तोच प्रश्न. दुपारी जेवणानंतर पुन्हा. संध्याकाळपर्यंत हा सौदा सात-आठ वेळा होतो आणि दर वेळी ‘नंतर’च्या बाजूने निकाल लागतो, कारण नंतरचा वेळ शिल्लक असतोच. दिवस संपतो तेव्हा एक ओळ लिहिलेली नसते आणि थकवा मात्र दिवसभर राबल्यासारखा असतो. हा थकवा खोटा नाही. स्वतःशी दिवसभर घासाघीस करणं हे दमवणारंच काम आहे.

शिस्तीचं पहिलं काम ही घासाघीस बंद करणं. तेवढं झालं तरी निम्मी लढाई जिंकली.

आता तुमच्या वेळापत्रकातल्या दोन हजार शब्दांकडे येते. शब्दांचा कोटा ठरवून लिहिणारे लोक आहेत, आणि त्यातले काही फार मोठे आहेत. अँथनी ट्रोलोप हा १९व्या शतकातला इंग्रज कादंबरीकार पोस्टखात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द, असा हिशेब ठेवून लिहायचा. नोकरी सांभाळून आणि नंतर सोडून मिळून त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आत्मचरित्र छापून आलं आणि त्यात हा सगळा हिशेब उघडपणे मांडलेला निघाला, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. कलेचं काम असं कारकुनी पद्धतीने कुणी करतं का, असा तो सूर होता.

मला त्या नाकं मुरडण्यात काही अर्थ दिसत नाही. पण ट्रोलोपची नक्कल करणाऱ्यांना एक गोष्ट मी नेहमी सांगते. त्याला आपली पात्रं, त्यांची घरं, त्यांचे हेवेदावे इतके पाठ होते की घड्याळ लावून लिहिणं त्याला परवडत होतं. ज्याला अजून आपली गोष्ट कशाची आहे हेच उमगलेलं नाही, त्याने दोन हजारांचा कोटा लावला तर तो दोन हजार शब्द काढेल; पण त्यातले अठराशे जागा भरायला आलेले असतील. मी अशी हस्तलिखितं वाचते. कोट्याने लिहिलेली पानं लगेच ओळखू येतात: माणसं खोलीत येतात, हवापाण्याचं बोलतात, चहा घेतात, खिडकीबाहेर बघतात आणि प्रकरण संपतं. काही बिघडलेलं नसतं, फक्त काही घडलेलंही नसतं. शिवाय ज्या दिवशी एक चुकीचं प्रकरण काढून टाकणं हेच सगळ्यात मोठं काम असतं, त्या दिवशीचा तुमचा कोटा उणे तीन हजार होतो. मग त्या दिवसाला काय म्हणायचं, नापास?

म्हणून मी स्वतःसाठी आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांसाठी तीनच गोष्टी पक्क्या करते. बसायची वेळ, बसायची जागा, उठायची वेळ. उठायची वेळ लोक हमखास विसरतात आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. शेवट ठरलेला नसेल तर बसणं म्हणजे अंधाऱ्या विहिरीत उतरणं, कोण उतरेल? दीड तास ठरला असेल तर दीड तासाने उठायचं, हात चालत असला तरी. किंबहुना हात चालत असतानाच उठायचं. वाक्य अर्धं सोडून, समासात ‘उद्या: ती पत्र उघडत नाही, का?’ एवढंच लिहून. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झुंजण्यापेक्षा अर्धवट वाक्य पुरं करणं कितीतरी सोपं जातं.

बसल्यावर काय होतं हे मात्र कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा जवळून सांगते. मी बसते. कालचं शेवटचं पान वाचते आणि ते भिकार वाटतं. लगेच आठवतं की कुणाच्या तरी निरोपाला उत्तर द्यायचं राहिलंय. खुर्ची किंचित खाली हवी होती असं वाटतं. एका शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घ कोशात बघून यावा अशी तीव्र तळमळ लागते, जी एरवी कधीच लागत नाही. मग घसा कोरडा पडतो. ही सगळी कामं खरी असतात, म्हणून तर ती फसवतात. उगीच लोळत पडायची इच्छा झाली असती तर ती लगेच ओळखू आली असती. साधारण वीसेक मिनिटं असं चालतं. त्यानंतर, फार काही न ठरवता, मी कालच्या पानावरचा एखादा शब्द खोडते आणि दुसरा लिहिते. मग शेजारचं वाक्य खटकतं. तिथून पुढे किती वेळ गेला हे कळत नाही, किंवा कधी कधी काहीच होत नाही आणि मी ठरलेल्या वेळी उठते.

त्या वीस मिनिटांसाठी सगळ्यात उपयोगी नियम मला रेमंड चँडलर या रहस्यकथाकाराच्या एका पत्रात सापडला. त्याचं म्हणणं असं की ठरलेल्या वेळात लिहिलंच पाहिजे असं नाही. पण दुसरं काहीही करायचं नाही. वाचायचं नाही, पत्र लिहायचं नाही, आवराआवर नाही. खिडकीतून बघत बसलात तरी चालेल. या नियमात सक्ती आहे आणि मोकळीकही आहे, आणि दोन्ही योग्य जागी आहेत. लिहिण्याची सक्ती नसल्यामुळे घाबरून पळायचं कारण उरत नाही. पळायची सोय नसल्यामुळे कंटाळा लवकरच लिहिण्याच्या बाजूला येतो. कंटाळा हा लेखकाचा फार कामसू मदतनीस आहे. फोनमुळे तो बेकार झालाय, एवढंच.

आता ‘गुदमरायला होतं’ या तक्रारीकडे. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात असं मला वाटतं. कामाच्या आतलं बंधन एक आणि कामाभोवतीचं बंधन दुसरं.

कामाच्या आतल्या बंधनाला तर कलेचा कधीच विरोध नव्हता. अभंगाचा सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा साचा घ्या. इतक्या अरुंद जागेत पिढ्यान्‌पिढ्या माणसं रडली, भांडली, हसली, देवाला चार गोष्टी सुनावून मोकळी झाली. भूप आणि देशकार हे राग घ्या. दोघांकडे तेच पाच स्वर: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोघांनाही वर्ज्य. पण भूप गंधारावर विसावतो, त्याचा जीव सप्तकाच्या खालच्या अंगात. देशकाराचा धैवत वादी, म्हणजे मुख्य स्वर, तो वरच्या अंगात खेळतो. एक रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायचा, दुसरा सकाळी. स्वर तेच आणि माणूस वेगळा. देशकार गाताना धैवतावरचा तोल जरा सुटला की भूप डोकावायला लागतो, आणि ते होऊ न देणं यातच गवयाचं कसब दिसतं. सातही स्वर आणि सगळी मोकळीक दिली असती तर ही कसोटीच उरली नसती.

गद्यातही हे करून बघता येतं. एका शिकाऊ लेखिकेच्या कथेत बायको घर सोडून गेलेला माणूस होता. तिने लिहिलं होतं, ‘तो आतून कोसळला होता. घर त्याला खायला उठत होतं.’ मी अट घातली: भावनेचं नाव घ्यायचं नाही, मनात काय चाललंय ते सांगायचं नाही, फक्त त्याचे हात काय करतात ते पाच वाक्यांच्या आत लिहायचं. ती चिडली. तिच्या मते मी तिच्या पात्राचा आवाजच काढून घेत होते. पहिले काही प्रयत्न अपेक्षेप्रमाणे फोटोची काच पुसणे, जुनी साडी कपाटातून काढणे वगैरे होते. मग एकदा हे आलं: ‘रात्री त्याने दाराला कडी लावली. दिवा घालवून आडवा झाला. थोड्या वेळाने उठला आणि कडी काढून ठेवली.’

हा माणूस वाट बघतोय हे तोपर्यंत लिहिणारीलाच माहीत नव्हतं. तिच्या कथेत तो नुसता दुःखी होता. अटीमुळे वाक्य नीटस झालं ही किरकोळ गोष्ट. अटीमुळे तिला पात्राबद्दल नवी माहिती कळली, आणि त्यानंतर कथेचा शेवट बदलावा लागला. नेहमीची वाट बंद झाली की हात दुसरीकडे चाचपडतो, आणि बहुतेक नव्या गोष्टी त्या चाचपडण्यात हाती लागतात. तेव्हा मोकळं सोडलं की कल्पना सुचतात या समजुतीवर फार भिस्त ठेवू नका. मोकळं सोडलं की बहुधा पहिली सुचलेली गोष्ट लिहिली जाते, आणि पहिली सुचलेली गोष्ट सगळ्यांनाच सुचलेली असते.

गुदमरणं आहे ते दुसऱ्या, म्हणजे कामाभोवतीच्या बंधनात. इथे विचारायचा प्रश्न एकच: हा नियम कुणाचा? पहाटे पाच ही वेळ तुम्ही कुठून आणलीत? तुमच्या कथा तर रात्री लिहून व्हायच्या. मग पहाटेचा आग्रह कुणाचा आहे? कुठल्यातरी यशस्वी माणसाची दिनचर्या वाचून आणलेला नियम उसना असतो, आणि उसन्या नियमाखाली राहताना जीव नोकरीतल्यासारखाच घुसमटतो. फरक इतकाच की इथे साहेबही तुम्ही आणि रजा नामंजूर करणारेही तुम्ही.

आयझाया बर्लिन या विचारवंताने १९५८ मध्ये ऑक्सफर्डला दिलेलं एक व्याख्यान प्रसिद्ध आहे. स्वातंत्र्याचे दोन अर्थ त्याने वेगळे काढले. एक, माझ्या वाटेत कुणी आडवं न येणं. दोन, मीच माझा धनी असणं. नोकरी सोडून तुम्हाला पहिलं मिळालं. अस्वस्थता दुसरं न मिळाल्याची आहे. इथवर हे सरळ आहे, आणि शिस्तीवर भाषणं देणारे लोक इथेच थांबतात: स्वतःवर ताबा मिळवा, की झालात स्वतंत्र. बर्लिनला मात्र या दुसऱ्या अर्थाचीच धास्ती जास्त होती. माणसाचे दोन तुकडे केले, एक वरचा शहाणा ‘मी’ आणि एक खालचा वासनांचा ‘मी’, की वरच्याच्या नावाने खालच्यावर वाटेल तो जुलूम करता येतो आणि त्यालाच स्वातंत्र्य म्हणता येतं. तो हे राजकारणाबद्दल बोलत होता. पण कडक वेळापत्रक लावणाऱ्या माणसाच्या डोक्यात हीच राजवट चालते. रविवारी रात्री उत्साहाच्या भरात वरचा ‘मी’ फर्मान काढतो आणि बुधवारी सकाळी अर्धवट झोपेतल्या खालच्या ‘मी’ने ते पाळायचं असतं. त्याला कुणी विचारलेलंही नसतं. त्याने बंड केलं तर मला त्याचं फारसं नवल वाटत नाही.

यावर माझा तोडगा असा आहे. नियम कमी, साधे, आणि बुधवारच्या सकाळला झेपतील असे ठेवा. रविवार रात्रीच्या उत्साहाला शोभतील असे नकोत. ते बदलायचा पूर्ण अधिकार स्वतःकडे ठेवा, पण तो अधिकार बसायच्या वेळी वापरायचा नाही. महिनाअखेरीला एक दिवस ठरवा. त्या दिवशी वही काढून बघा, ही वेळ जमतेय का, हा दीड तास जास्त होतोय का, जागा बदलू का. वाटलं तर सगळं मोडून नवं बांधा. मधल्या दिवसांत मात्र नियम बदलायचा विचार आला तर तो कागदावर टिपून ठेवायचा आणि बसायचं. आत्ता या क्षणी नको वाटतंय म्हणून बदललेला नियम आणि शांतपणे विचार करून बदललेला नियम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्ही पहिलं केलंत म्हणून पराभूत वाटलं. दुसऱ्याची वेळच कधी आली नाही.

खाडे पडतील. त्याबद्दल लोकांच्या डोक्यात एक खूळ बसलंय की २१ दिवस सलग केलं की सवय लागते आणि एक दिवस चुकला की पुन्हा शून्य. हा २१चा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान साधारण तेवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. लिहिण्या-गाण्याशी त्याचा संबंध नव्हता. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला. तो २०१० मध्ये छापून आला. त्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधला तेव्हा सवय अंगवळणी पडायला लागणारे दिवस माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत निघाले, मधला आकडा ६६. आणि तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे, एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यावर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. त्या अभ्यासातल्या सवयीही जेवणासोबत फळ खाणं, थोडा व्यायाम अशा साध्या होत्या. कथा लिहिणं कधीच पूर्ण सवय होत नाही, बसणं होतं. म्हणूनही सवय बसण्याची लावायची.

म्हणजे बुधवार बुडाला तर गुरुवारी नेहमीच्या वेळी, नेहमीइतकंच बसायचं. बुधवारची भरपाई म्हणून गुरुवारी दुप्पट अजिबात नको. भरपाई ही शिक्षाच असते, आणि ज्या खुर्चीत शिक्षा भोगली त्या खुर्चीकडे पाय पुन्हा वळत नाहीत.

मुदतींबद्दल जरा वेगळं. बसण्याचे नियम स्वतःचे स्वतः पाळता येतात. काम पुरं करण्याची मुदत मात्र एकट्याने पाळणं अवघड जातं. डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांचा २००२चा एक प्रयोग मला यासाठी आवडतो. विद्यार्थ्यांना तीन निबंध द्यायचे होते. एका वर्गाला शिक्षकांनी समान अंतराच्या मुदती दिल्या. दुसऱ्या वर्गाला सांगितलं, तुमच्या मुदती तुम्हीच ठरवा, अगदी तिन्ही सत्राच्या शेवटच्या दिवशी ठेवल्यात तरी चालेल, पण एकदा कळवल्यावर त्या बांधील. शुद्ध हिशेबाने शेवटचा दिवस निवडणंच फायद्याचं होतं. तरी बहुतेकांनी स्वतःला अलीकडच्या मुदती घालून घेतल्या. म्हणजे माणसं स्वतःला ओळखून असतात. पण गुणांत शिक्षकांनी दिलेल्या समान मुदतीवाले पुढे राहिले. स्वतःला बांधायची अक्कल असली तरी नेमकं कुठे बांधायचं हे साधत नाही. यातून मी काय घेते? पहिला खर्डा कधी द्यायचा ही तारीख एका विश्वासू माणसाला ठरवू द्या. वाचणारं कुणी असेल तर उत्तम. नुसतं ‘आलं का?’ विचारणारं असलं तरी भागतं.

मात्र हा माणूस आणि समाजमाध्यमांवर मिळणारे लोकांचे अंगठे-बदाम यांत गल्लत करू नका. रोज लिहिलेला तुकडा रोज टाकायचा, किती दिवस सलग झाले ते मिरवायचं, याने सुरुवातीला जोर येतो खरा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग पाहा. स्केचपेनने रंगवायला ज्यांना मुळातच आवडायचं अशी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन पुन्हा मांडले तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांचं असं झालं नाही. बक्षीस वाईट असं यातून निघत नाही. आधी बोली करून मग खेळायला लागलं की खेळाचं काम होतं, एवढं निघतं. तुमच्या वयात हे लागू होतं का? माझ्या पाहण्यात तरी होतं. रोज टाकणाऱ्यांचं लिखाण काही महिन्यांत एका चालीवर येतं. ज्या तुकड्याला दाद मिळाली त्याच्यासारखे दहा निघतात.

‘खरे कलावंत बेशिस्तच असतात ना?’ यावर फार वेळ घालवत नाही. बेशिस्त माणसांच्या गोष्टी रंगतदार असतात म्हणून सांगितल्या जातात. फ्रांझ काफ्का या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या कथाकाराचं उदाहरण लोक देतात: २२ सप्टेंबर १९१२च्या रात्री दहाच्या सुमाराला बसला आणि पहाटे सहापर्यंत एक अख्खी कथा एका बैठकीत लिहून उठला. अशा रात्री येतात, अगदी खऱ्या. पण तो प्रागच्या एका विमा संस्थेत दिवसा नोकरी करत होता आणि लिहायला रात्रीचा वेळ राखून ठेवत होता. अशी रात्र कधी येईल हे आपल्या हातात नसतं. ती येते तेव्हा आपण टेबलाशी असणं, एवढंच हातात असतं.

आणि टेबलापासून दूर असणंही. उठायची वेळ झाली की खरोखर उठा, आणि उरलेला दिवस अपराधीपणाशिवाय घालवा. आंरी प्वांकारे या गणितज्ञाने सांगितलेला प्रसंग प्रसिद्ध आहे: बरेच दिवस एका प्रश्नाशी झटापट करून झाल्यावर तो सहलीला गेला होता, गणित डोक्यात नव्हतं, आणि घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताना उत्तर लख्खपणे समोर आलं. हा प्रसंग लोक आळसाच्या समर्थनार्थ वापरतात. प्वांकारेने स्वतः पुढे जोडलेलं सोयीस्करपणे गाळतात: अशा सुचण्याच्या आधी जाणीवपूर्वक केलेली मेहनत लागते आणि नंतरही, सुचलेलं तपासून मांडायला. मधला वेळ मात्र रिकामाच हवा. चालणं, भांडी घासणं, झाडांना पाणी घालणं, काहीही. फोन बघणं यात मोडत नाही. त्या वेळी डोक्यात दुसऱ्यांची वाक्यं चालू असतात, आपल्यांना जागा मिळत नाही.

घरच्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण नोकरी सोडलेल्या माणसाचा दिवस घरच्यांना मोकळाच दिसतो. बँकेत जाऊन ये, कुरिअर घे, जरा थांब. यात त्यांचा दोष नाही. तुम्हीच दिवसभर टंगळमंगळ करताना दिसत असाल तर कधी अडवू नये हे त्यांनी ओळखायचं कसं? ‘मला त्रास देऊ नका’ असं मोघम न सांगता ‘साडेआठ ते दहा मी नाही, दहानंतर सगळं करतो’ असं सांगा आणि दहाला खरंच करा. वेळ छोटी आणि ठाम असली की माणसं ती सांभाळतात. लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असेल तर दीड तासाचे तीन तुकडे करावे लागतील, आणि तेही चालतं.

एक वेगळी शक्यताही ध्यानात ठेवा. लिखाणच नव्हे, तर एरवी आवडणारं काहीच करावंसं वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन-तीन आठवडे टिकून असेल, तर तो शिस्तीचा प्रश्न नाही. डॉक्टरांकडे जा. वेळापत्रकाने त्यावर इलाज होत नाही, उलट जखमेवर मीठ पडतं.

नोकरी परत धरावी का? पैशाची चणचण लिहिताना मानेवर बसत असेल तर अवश्य धरा, शक्य असेल तर अर्धवेळ. पोटापाण्याची सोय लिखाणावरच अवलंबून ठेवली की प्रत्येक कथेला ‘ही खपेल का’ हे विचारावं लागतं, आणि तुमच्या कथांना आत्ता तो प्रश्न झेपणार नाही. कुणाला ही माघार वाटली तर वाटू द्या. ट्रोलोप आणि काफ्का दोघांचीही हजेरी कचेरीत लागत होती. पण निर्णय आजच घेऊ नका. आधी पुढचा महिनाभर हे करून बघा: रात्रीची तुमची जुनी वेळ, तीच खुर्ची, एक तास, पंचावन्न मिनिटांनी समासात उद्याची ओळ आणि मग दिवा बंद. सकाळी फक्त एवढंच टिपायचं, बसलो की नाही. किती लिहिलं ते टिपायचं नाही. महिन्याच्या शेवटी त्या टिपणाकडे आणि शिलकीकडे एकाच दिवशी बघा. बसणं जमलं असेल आणि पैसे पुरत असतील तर सकाळचा आणखी एक तास जोडा. बसणं जमलंय पण पैसे पुरत नाहीत, तर नोकरी शोधा आणि रात्रीचा तास तसाच ठेवा. बसणंच जमलं नसेल तर मला पुन्हा लिहा, आणि त्या रात्री बसायच्या वेळी नेमकं काय करत होतात ते जसंच्या तसं कळवा. कारणं नकोत, फक्त काय करत होतात ते.